हजाराव्या एकादशीचं पाणी

"माणूस आणि पशू यांच्यात फरक एकच आहे : माणूस आपल्या पोटाला 'थांब' म्हणू शकतो."

हे वाक्य नरसिंहरावांनी कोऱ्या कागदावर शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात लिहिलं, त्याच्याखाली एक बारीक रेघ ओढली, आणि पेनाला टोपण न लावताच ते बाथरूमकडे पळाले. सकाळपासूनची ही सहावी खेप. वाटेत त्यांनी पोटाला दोनदा 'थांब' म्हणून पाहिलं. पोट त्यांच्या खात्यातल्या जुन्या कंत्राटदारांसारखं निघालं, ऐकून घेतलं आणि आपलं काम चालू ठेवलं.

त्या बाथरूमचा दिवाही वेगळ्या स्वभावाचा होता. त्यांच्या मुलानं, रघुनंदननं, बेळ्ळंदूरचा हा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला तेव्हा घरभर आपोआप लागणारे दिवे बसवले होते. कोणी हललं की दिवा लागतो, तीन मिनिटं कोणी हललं नाही की विझतो. विजेची बचत. पण बसलेल्या माणसानं हलायचं कशासाठी, याचा विचार त्या योजनेत झालेला नव्हता. त्यामुळे दर तीन मिनिटांनी अंधार व्हायचा, आणि नरसिंहराव बसल्या जागी उजवा हात उंच करून हलवायचे, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा. दिवा लागायचा. पुढची तीन मिनिटं ते दिव्याकडे संशयानं बघत बसायचे.

बाहेर त्यांच्या पत्नी वसुमतीबाई उभ्या होत्या.

"अहो, किती वेळा झालं आता?"

"मोजत नाही मी."

"मी मोजतेय. सहा. आणि पहाटे एक उलटी. थोडं पाणी घ्या."

आतून नळ सोडल्याचा आवाज आला. उत्तर काय असणार हे त्यांना ठाऊक होतं. आज एकादशी होती.

नरसिंहराव माध्व वैष्णव. त्यांची एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन पाळायची गोष्ट नव्हे. अन्न नाही, फळ नाही, पाण्याचा थेंब नाही. सकाळी पळीभर तीर्थ, तेही एकदाच. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला सूर्योदयानंतर पारणं. असं त्यांचं साडेचाळीस वर्षं चाललं होतं, एकदाही न चुकता. दर एकादशीला ते पंचांगाच्या पानावर एक बारीक टिंब देत. वर्ष संपलं की टिंबं मोजत. त्या मोजदादीप्रमाणे आजची एकादशी हजारावी होती.

आणि ही मोजदाद त्यांनी स्वतःपुरती ठेवली नव्हती. मराठी समाजाच्या मंडळाचे कार्यवाह श्रीहरी यांना ती कळली होती, म्हणजे नरसिंहरावांनीच सहज, लक्षात राहील अशा बेतानं सांगितली होती. परिणामी उद्या, रविवारी दुपारी कोरमंगलाच्या सभागृहात त्यांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, आणि सत्काराला उत्तर म्हणून व्याख्यान : 'उदर आणि आत्मसंयम'.

व्याख्यानाचं पहिलं वाक्य तयार होतं. दुसरं पोटात अडकलं होतं. पोटात अडकून राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती.

नरसिंहराव भिंतीला धरत बाहेर आले. तोंड खापरासारखं कोरडं पडलं होतं.

"आजाऱ्याला सूट आहे," वसुमतीबाई म्हणाल्या. "मठातले आचार्यच सांगतात."

"आजारी कोण आहे?"

"आठ वर्षांच्या आतल्यांना आणि ऐंशीच्या वरच्यांनाही सूट आहे."

"मी एकाहत्तर."

"हो. अजून नऊ वर्षं काढायची आहेत. असे वागलात तर निघणार नाहीत."

"आणि एकादशीचं सोड," नरसिंहराव खुर्चीत टेकत म्हणाले. "शास्त्र बघ. वरून पाणी घातलंच नाही तर खालून येणार काय? व्हॉल्व्ह बंद करायचा. दुपारपर्यंत सगळं कोरडं."

हे बोलणारा माणूस पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून इंजिनियर म्हणून निवृत्त झाला होता. लाखो लोकांच्या घरी पाणी पोचवण्यात आयुष्य गेलं, आणि आता स्वतःच्या घशाखाली एक चमचा जाऊ द्यायला तयार नव्हता.

आठवी खेप झाली तेव्हा वसुमतीबाईंनी विचारणं थांबवलं. त्यांनी रघुनंदनला त्याच्या लॅपटॉपसमोरून उठवलं. शनिवार असूनही त्याचं ऑफिस चालू होतं. या भागात ऑफिस कधी बंद होतं हे कोणालाच माहीत नाही.

"अण्णांना खाली डॉक्टरकडे न्यायचंय."

"अण्णा, ही गोळी घेऊन बघता?" रघुनंदननं ड्रॉवरमधून एक अर्धी वापरलेली पट्टी काढली. "अँटिबायोटिक आहे. माझी उरली होती."

"गोळीबरोबर पाणी लागतं," नरसिंहराव म्हणाले. त्यांच्या मते हा प्रश्न तिथेच मिटला.

सोसायटीच्या आवारातच, तळमजल्यावर डॉक्टर रम्यांचं क्लिनिक होतं. प्रश्न फक्त लिफ्टचा होता. नरसिंहरावांनी निघण्यापूर्वी एकदा जाऊन घेतलं, नंतर खात्रीसाठी आणखी एकदा, आणि मग तिघं लिफ्टमध्ये शिरले. नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. योगासनांची सतरंजी काखेत धरलेले एक गृहस्थ आत आले आणि दाराच्या मधोमध उभं राहून कोणाचा तरी निरोप घेऊ लागले. सातव्यावर पुन्हा थांबली. एक बाई आणि त्यांचं मोठं, पिवळट कुत्रं.

नरसिंहरावांनी डोळे मिटले. मुठी आवळल्या. कपाळावर घाम आला. मनात ते विष्णुसहस्रनाम म्हणत होते, पण चौथ्या मजल्यापासून पुढचं नाव आठवेना. त्यांनी डोळे उघडले तेव्हा कुत्रं त्यांच्याकडे बघत होतं. तेही खाली त्याच कामासाठी चाललं होतं. पण ते शांत उभं होतं, शेपटी स्थिर, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. कोणीतरी 'थांब' म्हटलं होतं आणि ते थांबलं होतं.

तळमजला आल्यावर कुत्र्यानं आधी त्यांना जाऊ दिलं.

डॉक्टर रम्या तिशीतली मुलगी. तिचं घराणं चिकपेठेतलं, कापडाचे व्यापारी. घरी चार पिढ्या मराठी, दारात कन्नड. त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन्ही एका ताटात वाढलेली असत.

"या, काका. क्लिनिकचं बाथरूम डावीकडे," ती त्यांचा चेहरा बघूनच म्हणाली.

ते परत आल्यावर तिनं त्यांना झोपवलं, नाडी बघितली, रक्तदाब घेतला. मग उभं करून पुन्हा घेतला. "स्वल्प तोंड उघडा. जीभ. सरी, ठीक. शौचात रक्त? आव? नाही ना? ताप?"

"नव्व्याण्णव," वसुमतीबाईंनी सांगितलं.

"लघवी कधी झाली?"

नरसिंहराव छताकडे बघू लागले. हा प्रश्न त्यांना अनपेक्षित होता. एवढ्या धावपळीत त्या खात्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"काल रात्री."

"आता साडेअकरा झालेत. आणि पाणी?"

"आज एकादशी आहे," ते म्हणाले.

रम्यानं पेन खाली ठेवलं. "काका, पोट बिघडतं म्हणजे काय होतं सांगू? आत नको ते काहीतरी गेलंय. आतडं ते बाहेर फेकतंय. फेकू दे. बहुतेक दोन-तीन दिवसांत आपोआप बसतं. जुलाबानं माणूस तसा मरत नाही. जुलाबाबरोबर जे पाणी आणि मीठ जातं, त्यानं मरतो. उभं केल्यावर तुमचा रक्तदाब पडतोय. म्हणजे टाकी तळाला लागलीय."

"आधी गळती काढतात, मग टाकी भरतात," नरसिंहरावांनी खात्याचा नियम सांगितला.

"ती सिमेंटची टाकी. तिला किडनी नसते. ही गळत असतानाच भरायची."

रघुनंदननं हळूच अँटिबायोटिकची पट्टी पुढे केली.

"ही कशासाठी दिली होती?"

"माझ्या दाढेसाठी."

"मग दाढेलाच राहू दे. यांना नको. आणि एकदम बांधून टाकणारी गोळीही नको." ती नरसिंहरावांकडे वळली. "काल बाहेर काय खाल्लं?"

"बाहेर काही नाही. घरचंच. भात, त्यावर हुळी, ताक."

"घरातल्या बाकीच्यांना त्रास?"

"आम्ही ठणठणीत," वसुमतीबाई म्हणाल्या.

"मग घरचं नाही," रम्या म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. वसुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीवरचं आतड्याचं रंगीत चित्र मन लावून वाचत होता.

तिनं मीठ-साखरेच्या पावडरची पाकिटं दिली. एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. कमी पाण्यात घट्ट करायचं नाही, त्यानं जुलाब वाढतात. उलटी होतेय म्हणून घोट नाही, आधी चमचा-चमचा, मिनिटाला एक. टिकलं की घोट, मग पेला. भूक लागली की मऊ भात, ताक, केळं. सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे. "आणि नीट ऐका. चार वाजेपर्यंत लघवी झाली नाही, किंवा रक्त दिसलं, पोट फार दुखलं, काका गुंगीत गेले, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ हॉस्पिटल. सलाइन लावावं लागेल."

नरसिंहराव दारात थांबले. "सलाइननं उपवास मोडतो का?"

"ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं, काका."

घरी आल्यावर पाकिटं टेबलावर राहिली. नरसिंहरावांनी हिशेब मांडला होता : उद्याचा सूर्योदय सव्वासहाला, अठरा तास. ज्यानं साडेचाळीस वर्षं काढली त्याला अठरा तास काय जड? रघुनंदननं दोनदा पेला पुढे केला, एकदा चिडून, एकदा काकुळतीला येऊन. दोन्ही वेळा त्यांनी हातानंच नको म्हटलं. बोलायला थुंकी उरली नव्हती.

ते पुन्हा बाथरूममध्ये गेले. इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. श्रीहरी.

"नरसिंहराव, बॅनर आलं बघा. आठ फूट बाय चार. 'सहस्र एकादशी व्रतस्थ'. सोनेरी अक्षरं, मागे कमळ. उपवास कसा चाललाय?"

"निर्विघ्न," नरसिंहराव म्हणाले.

"आवाज घुमतोय तुमचा. देवघरात आहात का?"

"त्याच बाजूला."

दिवा विझला. फोन कानाला असल्यामुळे त्यांनी डावा हात हलवला. दिवा लागला नाही. त्यांनी उठून दोन्ही हात हलवायचं ठरवलं. उठले, आणि अंधार एकाएकी आणखी काळा झाला, पाय कोणीतरी काढून घेतल्यासारखे झाले, पोटऱ्यांत गोळे आले, फोन हातातून सुटून बंद पडला, आणि ते भिंतीला घसटत खाली बसले. पडले नाहीत, बसले. नंतर ते या शब्दाबद्दल फार आग्रही होते.

पडताना, म्हणजे बसताना, हात हलले असावेत. दिवा लागला. त्या उजेडात त्यांना आपले हात दिसले. बोटांची टोकं सुरकुतली होती, जुन्या खजुरासारखी. आणि त्यांना पहिल्यांदाच, अगदी साधेपणानं वाटलं, की आपण मरू. बॅनर आठ फूट बाय चार आहे, उद्याचा मजकूर बदलून दुसऱ्याच कार्यक्रमाला तेच कमळ वापरता येईल.

वसुमतीबाईंनी दार ढकललं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. रघुनंदनला हाक मारली. दोघांनी त्यांना उचलून पलंगावर आडवं केलं, पायांखाली उशी दिली. रघुनंदन गाडीची किल्ली शोधायला लागला. बेळ्ळंदूर ते हॉस्पिटल चार किलोमीटर. शनिवार दुपार, रिंग रोड. मोबाइलवरचा नकाशा त्रेपन्न मिनिटं दाखवत होता.

"थांब जरा," वसुमतीबाई म्हणाल्या. त्या देवघरात गेल्या आणि चांदीचं पंचपात्र आणि पळी घेऊन आल्या. पाण्याच्या लिटरच्या बाटलीत त्यांनी पाकीट पूर्ण रिकामं केलं, हलवलं, त्यातलं थोडं पंचपात्रात ओतलं, आणि पलंगाशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"हात पुढे करा."

पळी समोर आली तशी नरसिंहरावांचा उजवा तळवा आपोआप वळला. अंगठा आत, बोटं जुळलेली, मनगटाखाली डावा हात. मुंजीपासूनची सवय ती, तिला कोणाची परवानगी लागत नाही. तळव्यात पळीभर पाणी पडलं. ते तोंडाशी नेता नेता थांबले.

"तीर्थ?"

"नाही. मीठ-साखरेचं पाणी. खोटं कशाला सांगू? एकादशीला तीर्थ एकदाच, ते सकाळी झालं."

पाणी बोटांच्या फटीतून गळायला लागलं.

"हजारावी आहे, वसुमती."

"नाही."

"पंचांगं बघ. एकेक टिंब."

"टिंबं बरोबर आहेत. पहिलं चुकीचं आहे." वसुमतीबाईंचा आवाज भाजी निवडताना असावा तेवढाच होता. "आठवतंय? लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तुमच्या मामांच्या घरचं लग्न, धारवाडला. तुम्ही पैजेवर एकोणतीस जिलब्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हेच. हेच्च. पानावर बसला नाहीत तेव्हा सासूबाईंनी विचारलं, का रे जेवत नाहीस? तुम्ही म्हणालात, आज एकादशी आहे. त्यांना काय आनंद झाला. त्यांनी सगळ्या मांडवाला सांगितलं. मग पुढच्या एकादशीला तुम्हाला नाही म्हणता आलं नाही."

रघुनंदन किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. ही माहिती त्याला चाळीस वर्षांत कोणी दिली नव्हती.

"तेव्हाही पोटच होतं," वसुमतीबाई म्हणाल्या. "आणि त्या दिवशी तुम्ही विहिरीवर जाऊन दोन तांबे पाणी प्यालात. मी बघितलं होतं. प्या आता."

नरसिंहरावांनी तळव्याकडे पाहिलं. त्यात आता जेमतेम चार थेंब होते. ते त्यांनी प्यायले.

"मारतहळ्ळीला," ते म्हणाले, "पुलाजवळ मंजुनाथची चाटची गाडी आहे. काल दशमी. रात्री आपण जेवत नाही. संध्याकाळी म्हटलं, उद्या कडक उपवास आहे, थोडी बेगमी करावी. मसाला पुरी. दोन प्लेट. वर त्यानं ते हिरवं पाणी दिलं."

"माहितीय."

"कसं?"

"शर्टावर आहे अजून. हात पुढे करा."

दर मिनिटाला एक पळी. पहिल्या वीस पळ्यांनंतर एकदा ओकारी आली. त्यांनी दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं, अधिक सावकाश. रघुनंदननं मोबाइलवर गजर लावला होता, तो मिनिटामिनिटाला टुणटुणत होता. दीड वाजता घोट. दोनला अर्धा पेला. त्या दरम्यान आणखी दोन खेपा झाल्या, पण आता नरसिंहराव चालत गेले, आणि वसुमतीबाई दाराबाहेर पळी घेऊन उभ्या राहिल्या. साडेतीन वाजले. बाटली संपत आली. रघुनंदन घड्याळ, नकाशा आणि वडील यांच्याकडे आळीपाळीनं बघत होता. नकाशा आता एकोणसाठ मिनिटं म्हणत होता.

चारला दहा मिनिटं असताना नरसिंहराव बाहेर आले.

"झाली," ते म्हणाले.

रघुनंदननं गाडीची किल्ली परत जागेवर ठेवली. वसुमतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि म्हणाल्या, "साबणानं हात धुतलेत का?"

संध्याकाळी त्यांनी मऊ भात आणि ताक दिलं. एकादशीला भात. नरसिंहरावांनी पहिला घास बराच वेळ तोंडात धरला, निरोप घेतल्यासारखा, मग गिळला. मग श्रीहरींना फोन लावला.

"श्रीहरी, मी आज पाणी प्यालो. भातही खाल्ला. हजार झाल्या नाहीत."

श्रीहरींनी आवाज खाली आणला : "कोणी पाहिलं?"

"बायकोनं. मुलानं. आणि खालच्या डॉक्टरनं तर करायलाच लावलं."

"म्हणजे घरातलेच. बॅनर छापून झालंय हो, नरसिंहराव. बरं, नऊशे नव्व्याण्णव तरी म्हणता येईल ना?"

"नऊशे अठ्ठ्याण्णव," वसुमतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"नऊशे अठ्ठ्याण्णव," नरसिंहरावांनी पुढे कळवलं. "शाल राहू दे. उद्या मला प्रवास झेपणार नाही, मध्ये अगरा चौक आहे, तिथे गाडी तासभर अडकते. पुढच्या रविवारी येतो. व्याख्यान देईन, विषय बदलून. येताना पाकीट आणि लिटरची बाटली घेऊन येतो. लोकांना करून दाखवतो."

फोन ठेवून ते टेबलाशी गेले. सकाळचा कागद तिथेच होता; उघड्या पेनानं त्यावर एक मोठा निळा डाग पाडला होता. डागाच्या शेजारी 'थांब' एवढा शब्द वाचता येत होता. त्यांनी नवा कागद घेतला, आणि बायकोला आणि मुलाला समोर बसवलं.

"साडेचाळीस वर्षं," ते उभं राहून म्हणाले. आवाज अजून खरखरीत होता, पण त्यात जुना डौल परतला होता. "साडेचाळीस वर्षं मी समजत होतो की मी पोटाला शिस्त लावतोय. आज दुपारी मला एक गोष्ट कळली. ती मी तुम्हाला सांगणार आहे. रघू, ही तू लक्षात ठेव, पुढे तुझ्या मुलांना सांग. माणसानं..."

ते थांबले. चेहऱ्यावर एकाग्रता आली. वसुमतीबाईंचे डोळे भरून आले होते. रघुनंदननं लॅपटॉप मिटला होता, जे या घरात क्वचित घडतं.

नरसिंहरावांनी कागद टेबलावर ठेवला, या वेळी पेनाला टोपण लावलं, आणि झपाझप आत गेले. दार लागलं. दोघं वाट बघत बसले. तीन मिनिटं झाली.

"रघू," आतून आवाज आला.

"काय अण्णा?"

"या दिव्याची पाच मिनिटं करता येतात का बघ."